डाव्या हाताचा उन्हाळा

काल दुकानातून घरी आलो तर जिन्यातच तो वास आला. ओला, आंबूस, पहिल्या श्वासाला नकोसा आणि दुसऱ्याला हवासा. गहू भिजत घातल्याचा वास. रोज पाणी बदलत बदलत पार फुगलेल्या, बोटात दाबला की दूध सोडणाऱ्या गव्हाचा. आमच्या अमरावतीत वैशाख कॅलेंडरवर नंतर येतो, आधी असा जिन्यात येतो.

मंगला, म्हणजे माझी बायको, ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी डावा हात वर नेला आणि खांदा एकदा पूर्ण गोल फिरवून पाहिला. फिरला. कुठं अडला नाही, आतून कुरकुरला नाही.

"फिरते ना?" तिनं न वळताच विचारलं.

"फिरते."

"मंग परवा पहाटे वरती या. चीक हाय."

वरती म्हणजे गच्चीवर आणि चीक म्हणजे कुरड्यांचा चीक, एवढं वऱ्हाडात कुणालाही कळेल. पण कुरड्यांचा आणि माझ्या खांद्याचा काय संबंध, हे सांगायला तीन उन्हाळे मागं जावं लागेल. आणि त्याआधी मी कोण ते सांगावं लागेल.

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मी बेस गिटार वाजवतो. पहिल्यावर घर चालतं, दुसऱ्यावर मी चालतो. तरुणपणी अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रात शिरलो तेव्हा गिटार वाजवणारे आधीच तिघं होते. बेसला कुणी तयार नव्हतं, कारण बेसवाल्याकडं मुली पाहत नाहीत असा तेव्हाचा अनुभव होता. माझी बोटं लांब आणि जाड, आणि मुली तशाही पाहत नव्हत्या, म्हणून मी हो म्हणालो. गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन म्हणजे बेस, असं आमचे मास्तर सांगायचे. जमिनीकडं कोण बघतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. एका लग्नात कार्यक्रम संपल्यावर मंगलाचे मामा आपुलकीनं जवळ आले आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्या गिटारचा आवाज बंद होता काय? हात तं चालून राहिले होते." मी म्हणालो, हो, वायर सैल होती. कुणाकुणाला समजावत बसणार?

मंगलाची तऱ्हा थोडी वेगळी. तिला आवाज यायचा, पण तो आवडायचा नाही. मी सराव करायला बसलो की ती म्हणायची, "सुरू झाली पिठाची गिरणी." कार्यक्रमाला ती येत असे, पहिल्या रांगेत बसत असे, घरी आल्यावर गाणारीचं कौतुक करत असे, तबल्याचं करत असे. माझ्याबद्दल म्हणायची, "तुमी बी होते ना तिथं." संसाराची एवढी वर्षं मी याच दाखल्यावर काढली. तक्रार नव्हती. पण पन्नाशीच्या आसपास माणसाला उगीच वाटू लागतं की आपण जे करतो ते घरातल्या एका तरी माणसाला ऐकू यावं.

ऑर्केस्ट्रा केव्हाच बंद पडला. उरलो आम्ही चौघं. गाणाऱ्या वसुधाताई, अकोल्याच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. कीबोर्डवर दिनकर, त्याचं मूर्तिजापूरला औषधांचं दुकान. तबल्यापासून ड्रमपर्यंत हाताला येईल ते वाजवणारा रफीक, आणि मी. अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध मूर्तिजापूर, म्हणून रविवारी दिनकरच्या गोदामात आम्ही जमतो. चहूकडं खोकल्याच्या औषधाचे खोके, मध्ये आमचा संसार. पूर्वी गाणी निवडताना भांडणं व्हायची. आता बीपीची गोळी कुणी कुठली घेतं यावर होतात, आणि त्यात दिनकरचा शब्द अखेरचा असतो. वयानं ताईंचा गळाही खाली उतरला. ज्या पट्टीत त्या पूर्वी लीलया गायच्या तिथं आता दम लागतो, म्हणून त्या पांढरी चारवर आल्या. आवाज मात्र असा मुरला आहे की ऐकताना मला दर वेळी बरं वाटतं.

तर तीन वर्षांपूर्वी, थंडी संपता संपता, हँगरवरून शर्ट काढताना माझ्या डाव्या खांद्यात कळ गेली. आधी दुर्लक्ष केलं. मग हात वर जाईना, मग बाजूला जाईना. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर. उन्हाळा तोंडावर आलेला. ज्या गावात रस्त्याचं डांबर वितळून चपलेला चिकटतं त्या गावात माझा खांदा गोठला होता. ओळखीतला प्रत्येक जण आधी हसला आणि मग एक तेल सुचवून गेला.

मी पण हसलो असतो. पण बेसची मान लांब असते. डावा हात अंगापासून जितका दूर न्यावा तितका सूर खाली उतरतो, आणि अगदी खालचे सूर मानेच्या पार टोकाच्या पडद्यांवर, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या दांड्यांवर, असतात. माझा हात अर्ध्यातच अडत होता. अंगाजवळचे वरचे सूर तेवढे लागत होते. म्हणजे बेसवर बेस सोडून बाकी सगळं मला वाजवता येत होतं. आणि ताईंच्या पांढरी चारचा षड्ज माझ्या जाड्या तारेवर नेमका पहिल्या पडद्यावर, सगळ्यात लांब.

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीला ताई निवृत्त होणार होत्या. शाळेनं सत्कार ठरवला. ताईंनी कळवून टाकलं, "शाल-नारळ काही नोको. मले माह्या लोकायसंगं गाऊ द्या, बस." माझ्या लोकांसोबत. त्या लोकांत मी होतो. हे ऐकून मला जो आनंद झाला त्याच्या दुप्पट धास्ती वाटली.

ताईंनी फोन केला. "तुले त्रास होत असन तं मी पट्टी चढवते गा. वरून गाईन, जमते." त्यांना जमलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. निरोपाच्या दिवशी त्यांचा आवाज माझ्यापायी फाटावा हे मला कसं चाललं असतं? मी नाही म्हणालो. मग दिनकर बोलला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो औषध देतो तशाच आवाजात बोलला. "तू टेन्शन नोको घेऊ. बेस तं मी कीबोर्डवर डाव्या हातानं बी सांभाळून घेतो. तू नुसता उभा राह्य आमच्यासंगं."

त्या दिवशी मूर्तिजापूरहून येताना गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, आणि मी बाहेर न बघता माझ्या डाव्या हाताकडं बघत आलो. पस्तीस वर्षांचं माझं काम दिनकरच्या डाव्या हातात मावत होतं. खरं सांगायचं तर रडू आलं. समोरचा माणूस पेरू खात होता, त्यानं एक फोड पुढं केली. मी घेतली. तिखटमीठ जास्त झालं होतं, त्यामुळं डोळ्यांचं निभावून गेलं.

व्यायामासाठी डॉक्टरांनी पूर्वाकडं पाठवलं. पूर्वा मूळची अकोल्याची पोरगी, इथं अमरावतीत फिजिओथेरपिस्ट, आवाज मऊ आणि हात पोलादी. तिनं सांगितलं, "काका, उजव्या हातानं टेबल धरा, थोडं वाका, डावा हात लोंबता सोडा. आता हळूहळू गोल फिरवा. जसं काही मोठ्या भांड्यात ढवळून राहिले." रोज दोन वेळा करायचं होतं. पहिले दोन दिवस मी केलं. तिसऱ्या दिवसापासून कंटाळा करू लागलो. बैठकीत वाकून हवेत हात फिरवणारा पन्नाशीचा माणूस स्वतःला आरशात फार वेळ पाहू शकत नाही.

त्यात कूलर सुरू झाले होते. आमच्या बैठकीतला कूलर नेमका पांढरी चारच्या आसपास घुमतो, किंचित उतरलेला. मला न लागणारा सूर तो दिवसभर फुकट लावून बसायचा. मी त्याच्याकडं रागानं बघत हात फिरवायचो.

एका दुपारी मंगला दारात उभी राहून माझा व्यायाम बघत होती. कमरेला पदर खोचलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. भिजलेले गहू वाटून, पिळून चीक काढणं चाललं होतं. पुण्याला लेकीकडं, मामांकडं, नणंदेकडं, सगळ्यांकडं तिच्याच कुरड्या जातात.

"अवो," ती म्हणाली, "ढवळाचंच हाय तं रिकामं काहून ढवळता?"

मी म्हणालो, हा व्यायाम आहे.

"मंग माहं काय खेळणं हाय काय? उद्या पहाटे वरती या."

पूर्वानं "जसं काही" म्हटलं होतं. मंगलाच्या स्वयंपाकघरात जसं काही नसतं, असतं ते असतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास गच्चीवर विटांच्या चुलीवर भगोनं चढलेलं होतं आणि माझ्या डाव्या हातात हातभर लांबीचा लाकडी चाटू होता.

ज्यांनी चीक घोटलेला नाही त्यांना वाटतं, ढवळण्यात काय असतं? मलाही वाटायचं. रात्रभर निवळलेला दाट चीक आधणाच्या पाण्यात धारेनं सोडायचा आणि चाटू थांबू द्यायचा नाही. घाई केली तर उडतो, भाजतो. ढिलाई केली तर खाली धरतो, गाठी होतात. गाठ झाली की साच्यात अडते, कुरडईची तार तुटते आणि वर्षभर ताटात तुटलेली कुरडई बघून बायका विचारतात, या साली चीक कोणं घोटला होता? मंगला धार सोडत होती आणि सांगत होती, "एकसारखं. एकसारखं घ्या. तुमचं मन कुठं हाय?"

माझं मन मोजत होतं. एक, दोन, तीन, चार. आपोआप. तीन-चार फेऱ्यांतच मला कळलं की हे मी ओळखतो. वर काय चाललंय तिकडं लक्ष द्यायचं नाही, आपण आपलं खालून एकसारखं जात राहायचं, थांबायचं नाही, धावायचं नाही. मास्तरांनी जे शिकवायला दोन वर्षं घेतली ते भगोन्याच्या तळाशी सकाळच्या पहिल्या प्रहरात बसलेलं होतं. पातळ असेपर्यंत हात चालला. दाट होऊन चाटू जड झाला तसा मंगलानं तो माझ्या हातातून काढून घेतला. चीक काचेसारखा चमकायला लागला तेव्हा तिनं चाटूनं उचलून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि काहीच बोलली नाही. म्हणजे गाठ नव्हती.

मग वाटीत गरम चीक, वर दूध-साखर. ज्यानं घोटला त्याला पहिली वाटी. त्या वाटीइतकं चवदार मी त्या वर्षी काही खाल्लं नाही.

शेजारच्या गच्चीवरून देशमुख वहिनी पाहत होत्या. "भाऊजी घोटून राहिले काय वो? उद्या आमच्याइथं बी हाय." वहिनींकडं झालं, मग त्यांच्या जावेकडं झालं. भाऊजींच्या हातचा चीक गाठी धरत नाही, अशी गल्लीभर कीर्ती झाली. आयुष्यभर जी दाद बेसला मिळाली नाही ती मला चिकाला मिळत होती. मी फुशारलो. पूर्वाच्या हिशेबात नसलेलं जडही घोटायला लागलो, कारण बायका बघत असताना मध्येच चाटू सोडणं बरं दिसत नाही.

व्हायचं ते झालं. एका सकाळी हात अंगाला चिकटल्यासारखा झाला, शर्टही घालता येईना. पूर्वानं तपासलं आणि मऊ आवाजातच झाडलं. "काका, मी व्यायाम सांगितला होता. कंत्राट घ्यायला नव्हतं सांगितलं." कार्यक्रम तोंडावर आलेला. मी विचारलं, जमेल का? ती म्हणाली, सांगता येत नाही.

घरी येताना रिक्षात मंगला माझा डावा हात स्वतःच्या मांडीवर धरून बसली होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "माह्यामुळं झालं." मी म्हणालो, तुझ्यामुळं नाही, वहिनींच्या जावेमुळं. ती हसली नाही. त्या क्षणी मला बेसपेक्षा तिच्या चेहऱ्याचीच काळजी लागली. पिठाची गिरणी म्हणणाऱ्या बाईला माझा हात माझ्याइतकाच दुखत होता, हे मला तोवर कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पूर्वाकडं जाऊन आली. किती जड चालेल, किती वेळ, कोणत्या उंचीवर, सगळं विचारून आली. आणि त्या दिवसापासून आमच्या घरी ढवळल्याशिवाय होत नाही असंच सगळं शिजायला लागलं. सकाळी रव्याचा शिरा, दुपारी कढी, संध्याकाळी पिठलं. मधल्या वेळी खीर. लहान भगोनं, हलका डाव, माझ्या कमरेइतका ओटा. ती बाजूला उभी राहून भाजी निवडायची आणि मध्येच म्हणायची, "बस झालं आता, हात खाली घ्या." मी दोन किलोनं वाढलो. पण रविवारी गोदामात बेस गळ्यात घालायचो तेव्हा हात दर वेळी थोडा पुढं जायचा. आधी पाचव्या पडद्यापर्यंत. मग तिसऱ्या. दिनकर खोक्यावर बसून बघायचा आणि कीबोर्डवर डाव्या हातानं हळूच माझ्या जागा वाजवून ठेवायचा. त्याचंही बरोबर होतं. शेवटच्या रविवारी पहिल्या पडद्यावर बोट टेकलं, पण दाब आला नाही. सूर फुटला, फरफर वाजला. रफीक म्हणाला, "हो जाएगा यार." कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही.

सत्कार सकाळी होता. अकोल्यातली शाळा, मोठा हॉल, दोन्ही बाजूंना गरगरणारे कूलर. भाषणं झाली, ताईंनी नको म्हटलेली शालही झालीच. मग आम्ही. सुरुवातीची गाणी मी वरच्या सुरांवर निभावली, खाली दिनकर होता. ऐकणाऱ्यांना काही फरक पडला नसेल. मला पडत होता. शेवटचं गाणं ताईंचं स्वतःचं, शाळेत पोरींना शिकवत आलेलं साधं गाणं. पांढरी चार. त्याचा पहिला सूर फक्त बेसचा, मग ताई.

दिनकरनं माझ्याकडं पाहिलं. त्याचा डावा हात कीबोर्डवर तयार होता. मी मान हलवली. खांदा ढिला सोडला, भगोन्यावर सोडतो तसा. मनात चार मोजले आणि हात लांब गेला. दुखलं. पण बोट टेकलं, दाबलं, आणि सूर निघाला. भरीव, जाड, जमिनीसारखा. दिनकरनं डावा हात कीबोर्डवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. ताई मागं न बघता हसल्या आणि गायला लागल्या.

दुसऱ्या कडव्याला मी पहिल्या रांगेत पाहिलं. मंगला ताईंकडं टक लावून बघत होती. आणि तिचा उजवा हात मांडीवर, साडीच्या निऱ्यांवर, गोल फिरत होता. हळू, एकसारखा. मी पुढच्या ओळीत एक मात्रा मुद्दाम रेंगाळलो. तिचा हात रेंगाळला. मी परत ठेक्यावर आलो, तोही आला. तिला पत्ता नव्हता. ती ताईंना पाहत होती आणि मला ऐकत होती.

जेवणाच्या रांगेत तिनं सगळ्यांचं कौतुक केलं. ताईंचं, रफीकचं, दिनकरचं. माझ्या ताटात वांग्याची भाजी वाढता वाढता म्हणाली, "अन् तुमी बी होते ना तिथं." मी म्हणालो, होतो. सांगितलं नाही की मला दाखला मिळाला आहे. अजूनही सांगितलेलं नाही.

तीन उन्हाळे झाले. ताई निवृत्त होऊन पहिल्यापेक्षा जास्त गातात. खांद्यानं पुन्हा त्रास दिला नाही. दर वर्षी चीक मीच घोटतो, फक्त आपल्या घरचा. वहिनींच्या जावेला पूर्वाची चिठ्ठी दाखवली आहे.

काल रात्रीच्या जेवणानंतर मी चाटू शोधत होतो. धुऊन ठेवावा म्हटलं. माळ्यावर नव्हता, ओट्याखाली नव्हता. मंगला म्हणाली, "चाटू मी वरती ठेवला. तुमाले काय कराचा हाय?"

"परवा चीक आहे म्हणालीस ना? खांदा फिरतो का विचारलंस."

"चीक मी घोटते या साली." ती पाण्याचा तांब्या भरत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "तुमी ते घेऊन या वरती. गिटार. वायरीचा बोर्ड मी चुलीपाशी लावून ठेवला."

इतक्या वर्षांत मला कुणी स्वतःहून वाजवायला बोलावलं असेल तर ते पार्टीसाठी, लग्नासाठी, सत्कारासाठी. नुसतं बेसला असं कुणी बोलावलं नव्हतं.

"कोणतं वाजवू?" मी विचारलं.

"कोणतं बी वाजवा." तिनं तांब्यावर पेला उपडा घातला. "फक्त घाई नोका करू. गाठी होतात."